मिनिस्टर कोणाचा?

वाचनपाठ : मत्तय २३:१-१२, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, रोमकरांस १३:१-७ व १६:१-२

मंडळीच्या इंग्रजी पत्रव्यवहारात पाळकसाहेबांचा उल्लेख पुष्कळदा 'मिनिस्टर' असा होतो. दक्षिणेत १९४७ साली आणि उत्तरेत १९७० साली मंडळ्यांचे एकीकरण झाले तेव्हापासून 'प्रेस्बिटर' हा शब्द अधिक चालू झाला असला, तरी जुन्या लोकांच्या तोंडून मिनिस्टर गेलेला नाही. दुसरीकडे वर्तमानपत्र उघडले की तोच शब्द राज्याच्या मंत्र्याला लावलेला दिसतो. एकाच्या घरी सायकल, दुसऱ्याच्या दारी पोलीस आणि मोटारी. आणि नाव मात्र एकच. संडे स्कूलमधील एखादे चुणचुणीत मूल याचे कारण विचारील, तर शिक्षकाजवळ उत्तर असावे, म्हणून हा पाठ.

शब्द लॅटिन आहे. त्या भाषेत 'मागिस' म्हणजे अधिक आणि 'मिनुस' म्हणजे उणे. गणिताच्या तासाला आपण ज्याला मायनस म्हणतो तोच हा मिनुस. 'मागिस'पासून 'मागिस्तेर' झाला, म्हणजे जो इतरांपेक्षा अधिक, वरचा तो. त्याच साच्यात 'मिनुस'पासून 'मिनिस्तेर' झाला, म्हणजे जो उणा, खालचा तो. धन्याच्या मेजाशी उभा राहून पेला भरणारा, ताट पुढे करणारा, वेदीपाशी पुरोहिताच्या हाताखाली काम करणारा, असा माणूस म्हणजे मिनिस्तेर. बहुधा तो गुलामच असे. मराठीत त्याला नेमका शब्द हवा असेल तर मी 'वाढपी' म्हणेन. पंगतीत सर्वांच्या शेवटी जेवतो तो.

मागिस्तेरची संतती तर आपल्या घराघरांत आहे. पोर्तुगीज लोकांच्या 'मेस्त्र'पासून आपल्याकडे सुतारकाम करणारा मेस्त्री झाला. इंग्रजांच्या 'मास्टर'चा शाळेतला मास्तर झाला, स्टेशनमास्तर झाला, पोस्टमास्तर झाला. 'मिस्टर' हाही मास्टरचाच झिजलेला भाऊ. आणि कचेरीतला मॅजिस्ट्रेट, ज्याच्या नावाने आजही पुष्कळांच्या छातीत धडधडते, तोही ह्याच घराण्यातला. रोमी प्रजासत्ताकात कॉन्सल, प्रेटर वगैरे निवडून आलेल्या अधिकाऱ्यांना 'मागिस्त्रातुस' म्हणत. त्यांची मुदत सहसा एकच वर्षाची. कॉन्सल दोन असत आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता येई. म्हणजे 'अधिक' असलेल्या माणसाला आवरण्याची काही तजवीज रोमी लोकांनी करून ठेवली होती. 'उण्या' माणसाला आवरण्याची गरज कोणाला वाटणार?

आता एक जुना कागद पाहू. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी ह्याने सम्राट त्रायानाला पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. आपल्या प्रांतात ख्रिस्ती म्हणवणारे लोक फार झाले आहेत, त्यांचे काय करावे, असा त्याचा प्रश्न होता. हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि पुढे साधे अन्न एकत्र बसून खातात, एवढेच त्याच्या हाती लागले. त्यावर त्याचा विश्वास बसेना. म्हणून खरे काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करविला. त्यांच्याविषयी तो लिहितो की त्यांना ख्रिस्ती लोक 'मिनिस्त्रा' म्हणतात. मिनिस्तेर शब्दाचेच हे स्त्रीलिंगी रूप आहे.

वाचकांनी येथे जरा थांबावे. ख्रिस्ती मंडळीतील कामकऱ्याला हा लॅटिन शब्द लावलेला ज्या अगदी जुन्या कागदांत आढळतो, त्यांपैकी हा एक. आणि त्यातील मिनिस्टर कोण, तर दोन गुलाम स्त्रिया. त्यांची नावे प्लिनीने दिलेली नाहीत. जगाच्या दृष्टीने त्या बाजारात विकत घेण्याजोग्या. मंडळीत मात्र त्यांच्या हाती काम सोपवलेले होते. सुभेदाराने त्यांच्यापासून एवढेच काढले की हे लोक वेडगळ समजुतीचे आहेत. पकडण्याजोगा गुन्हा त्या दोघींच्या तोंडून बाहेर आला नाही.

पुढे रोममध्ये इ. स. ३८३-८४ च्या सुमारास बिशप दमास याच्या सांगण्यावरून जेरोम नावाच्या विद्वानाने लॅटिन शुभवर्तमाने तपासून सुधारली. त्या लॅटिन शास्त्रात मत्तयाचा तेविसावा अध्याय वाचला तर कानाला एक गोष्ट लागते. दहाव्या वचनात प्रभू शिष्यांना सांगतो की तुम्ही स्वतःला 'मागिस्तेर' म्हणवून घेऊ नका. आणि लगेच अकराव्यात, तुमच्यात जो मोठा त्याने 'मिनिस्तेर' व्हावे. एक 'अधिक', एक 'उणा', शेजारी शेजारी. मूळ ग्रीक भाषेत हा शब्दांचा जोड नाही. तेथे सेवकासाठी 'दियाकोनोस' हा शब्द आहे आणि त्याचा 'उण्या'शी संबंध नाही. तेव्हा ह्या जोडावर एखाद्या उपदेशकाने फार मोठा इमला उभारू नये. पण अर्थाला तो धरून आहे, आणि ज्या लॅटिन भाषिकांनी तो ऐकला त्यांना बोध ऐकता ऐकताच कळला असेल.

त्याच लॅटिन शास्त्रात मिनिस्तेर आणखी कोठे कोठे भेटतो? काना गावच्या लग्नात रांजण पाण्याने भरणारे नोकर, ते मिनिस्तेर. भोजनकारभाऱ्याला द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते, पण पाणी काढणाऱ्यांना ठाऊक होते, असे योहान आवर्जून सांगतो. नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ वाचून झाल्यावर प्रभूने तो ज्या सेवकाच्या हाती परत दिला (लूक ४:२०), तोही मिनिस्तेर. १६११ च्या इंग्रजी शास्त्रातही तेथे 'मिनिस्टर' हाच शब्द आहे. ते वाचून काहींचा असा समज होतो की सभास्थानाचे पाळक तेथे बसले असावेत. तो पाळक नव्हे. ग्रंथ काढून देणारा आणि गुंडाळून परत ठेवणारा माणूस तो.

आणि एक मिनिस्तेर ह्याहून वेगळा आहे. योहान १८:२२ पाहा. महायाजकाच्या वाड्यात बांधलेल्या येशूच्या तोंडात ज्याने चपराक मारली, तोही लॅटिन शास्त्रात मिनिस्तेरांपैकीच एक. (ग्रीकमध्ये तेथे दियाकोनोस नसून दुसरा शब्द आहे, लॅटिनने दोन्ही शब्दांना एकच पाट मांडला.) त्याने आपल्या मनाने काही केले असे नाही. धन्याचा मान राखला. सेवकच होता तो, आणि इमानी सेवक होता.

म्हणूनच 'मिनिस्टर म्हणजे सेवक' एवढे सांगून पाठ संपविणे मला पुरेसे वाटत नाही. असे उपदेश आपण पुष्कळ ऐकले आहेत. मिनिस्टर हा शब्द एकटा कधी उभा राहत नाही. त्याच्या मागे नेहमी एक षष्ठी विभक्ती असते. कोणाचा मिनिस्टर? रांजण भरणारा आणि चपराक मारणारा ह्यांच्या नावात फरक नाही, धन्यात आहे.

राजेरजवाड्यांच्या इतिहासात ह्या षष्ठीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मध्ययुगात जर्मन सम्राटांच्या पदरी 'मिनिस्तेरियालिस' नावाचा वर्ग होता. कायद्याने हे लोक परतंत्र. धन्याच्या परवानगीवाचून त्यांना लग्नही करता येत नसे. पण घोडा, तलवार आणि किल्ल्याच्या किल्ल्या त्यांच्याच हाती. दोन-तीन शतकांत ते सरदार होऊन बसले. फ्रान्सात १६२४ मध्ये रिशल्यू राजाचा मुख्य मिनिस्टर झाला, आणि राज्यात राजापेक्षा त्याचीच भीती अधिक. पुढे १६६१ मध्ये माझारँ वारल्यावर चौदाव्या लुईने मुख्य मिनिस्टर नेमायचाच नाही असे ठरविले, ह्यात नवल नाही. इंग्लंडात १७२१ पासून वीस वर्षे कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट वॉलपोलला विरोधक 'प्राइम मिनिस्टर' म्हणत, ते टोचून बोलण्यासाठी. आणि त्याने ते नाव नाकारले. राजाचे सेवक सगळे सारखे, त्यांत 'पहिला' कोठला आला, अशी तेव्हाची समजूत होती. रशियात झार पहिल्या अलेक्झांडरने १८०२ साली राज्यकारभाराची खाती पाडली तेव्हा त्यांनाही हाच लॅटिन शब्द दिला. राजाच्या जवळचा म्हणून इतर सर्वांच्या वरचा, अशी ही चढण. 'राजाचा' हा शब्द हळूहळू गळाला आणि नुसता 'मिनिस्टर' उरला.

ह्याच फ्रान्सात दुसऱ्या प्रकारचे मिनिस्टरही होते. तेथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पाळकांना 'मिनिस्त्र' म्हणत, आणि १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्यांना काही मोकळीक मिळाली होती. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केले. नव्या हुकमात सरकारी भाषेत 'तथाकथित सुधारलेल्या धर्माचे मिनिस्टर' असा उल्लेख आहे: त्यांनी राजाचा धर्म स्वीकारावा, नाहीतर पंधरा दिवसांत राज्य सोडावे. ह्याच्या आधीच राजाचा युद्धमंत्री लूव्हा ह्याच्या अमलात प्रॉटेस्टंटांच्या घरांत शिपाई उतरविण्यात आले होते, ते घरच्यांना जेरीस आणून धर्म बदलायला लावण्यासाठी. असे हे दोन मिनिस्त्र. एक राजाचा, एक वचनाचा, आणि पहिल्याने दुसऱ्याला सीमेपार घालवले.

सामान्य सभासदांना तर देश सोडण्याचीही बंदी होती, तरी लाखोंच्या घरात लोक हॉलंड, इंग्लंड, जर्मनीकडे निसटले. मागे उरलेल्यांकडे पाळक राहिले नाहीत. तेव्हा क्लोद ब्रूसों नावाचा एक वकील पुढे आला. छळलेल्या मंडळ्यांची वकिली करता करता त्याला १६८३ मध्ये देश सोडावा लागला होता. १६८९ मध्ये तो परत आला आणि सेव्हेनच्या डोंगरांत रात्री-अपरात्री जमणाऱ्या लोकांना वचन सांगू लागला. पुढे पकडला गेला आणि १६९८ मध्ये मोंपेलिये शहरात त्याला देहान्त शिक्षा झाली. आम्हा बिनदीक्षेच्या उपदेशकांपैकी कोणाला आपले काम हलके वाटत असेल, तर त्याने ह्या वकिलाचे चरित्र मिळवून वाचावे. फ्रान्सच्या प्रॉटेस्टंटांना कायद्याने नागरिक म्हणून नोंद होण्यासाठी १७८७ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे काय घडले? आपला 'मंत्री' शब्द लॅटिन नव्हे. तो मंत्रापासून आला आहे. मंत्र म्हणजे येथे मसलत, सल्ला. लॅटिन शब्दात ताट वाढणारा हात आहे, संस्कृत शब्दात राजाच्या कानाशी लागलेले तोंड आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत 'मंत्री' हा आठांपैकी एक होता. मुख्य प्रधान म्हणजे पेशवा. पेशवा हा फारसी शब्द, अर्थ 'पुढे असणारा'. मराठी भाषेत आजही देशाच्या पहिल्या मंत्र्याला आपण पंतप्रधान म्हणतो, ते त्याच परंपरेने. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या बंधुभगिनींच्या कानांवर मात्र 'प्रधानमंत्री' पडते. बेळगावकडे तर आणखी गंमत आहे. मराठीतला 'सचिव' म्हणजे सेक्रेटरी, आणि कानडी वर्तमानपत्रातला 'सचिव' म्हणजे मिनिस्टर! आणि पुण्याच्या पेशव्यांच्या शिक्क्यांवर साताऱ्याच्या छत्रपतींचे नाव शेवटपर्यंत होते. षष्ठी शिक्क्यावर राहिली, कारभारातून १७४९ नंतर गेली.

मंत्री शब्दाने प्रवासही केला. मलाया भागात तो 'मंतरी' झाला. मलेशियाच्या पंतप्रधानाला आज 'पर्दाना मंतरी' म्हणतात, म्हणजे आपला प्रधान मंत्रीच. १५११ मध्ये मलाक्का घेणाऱ्या पोर्तुगीजांनी हा शब्द तिकडे उचलला. त्यांच्या भाषेत 'मांदार' म्हणजे हुकूम करणे. त्या ओढीने मंतरीचा 'मांदारीं' झाला आणि चीनच्या अधिकाऱ्यांना लावला गेला. इंग्रजीतला 'मँडरिन' तो हाच. सल्ला देणाऱ्याचा हुकूम करणारा झाला. मिनिस्टरची चूक लॅटिनची होती असे म्हणायला जागा नाही.

आता रोमकरांस पत्राकडे येऊ. तेराव्या अध्यायात पौल सत्ताधाऱ्याला देवाचा दियाकोनोस म्हणतो. लॅटिनमध्ये तेथे मिनिस्तेर, इंग्रजीत मिनिस्टर, मराठीत सेवक. हे पत्र लिहिले त्या काळी नीरो गादीवर होता. ह्या अध्यायाचा उपयोग लोकांना गप्प बसविण्यासाठी फार झाला आहे. वर सांगितलेल्या फ्रान्समध्येही झाला. पण पौलाने वापरलेला शब्द नीट पाहावा. तो अधिकाऱ्याला देवाचा प्रतिनिधी, देवाचा पुत्र, किंवा नीरोला आवडेल असे काही म्हणत नाही. वाढपी म्हणतो. आणि कशासाठी? तुझ्या हितासाठी. कोणाचा आणि कशासाठी, ही दोन्ही उत्तरे पौलाने त्याच वचनात देऊन ठेवली आहेत. वाढप्याने पंगत उपाशी ठेवली तर त्याला 'अरे, तू वाढायला आलास ना?' असे विचारण्याचा हक्क ह्याच वचनातून निघतो, असे माझे मत आहे. आपल्या देशाच्या राज्यघटनेनेही षष्ठी मोकळी सोडलेली नाही. कलम ७४ मंत्रिमंडळाला राष्ट्रपतीस साहाय्य व सल्ला देण्याचे काम देते, आणि कलम ७५ त्या मंत्रिमंडळाला सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार धरते. राज्यांच्या मंत्र्यांसाठी विधानसभेबाबत तसेच कलम १६४ आहे.

तीन अध्याय पुढे गेले की सोळाव्याच्या पहिल्या वचनात फिबी भेटते. किंख्रिया येथील मंडळीची ती दियाकोनोस. तोच शब्द, तेच पत्र, तोच लेखक. आणि १६११ च्या इंग्रजी शास्त्रात तेराव्या अध्यायातील अधिकारी 'मिनिस्टर' झाला, फिबी मात्र 'सर्व्हंट' राहिली. भाषांतर करणाऱ्यांनी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यांच्या काळी मिनिस्टर हा शब्द इतका वर चढला होता की बाईला तो शोभेल असे त्यांना वाटले नसेल. आपल्या मराठी शास्त्रात 'सेवक' आणि 'सेविका' आहे, म्हणून मराठी वाचकाला हा सांधा दिसतो, इंग्रजी वाचणाऱ्याला निसटतो. ज्या मंडळ्यांत स्त्रियांनी चहा करावा आणि पुरुषांनी ठराव करावेत अशी कामाची वाटणी झाली आहे, तेथे ही दोन वचने एकाच बैठकीत वाचून पाहावीत. बिथुनियाच्या त्या दोघींची गोष्टही जोडीला सांगावी.

शिक्षकांसाठी थोडे. लहान वर्गाला प्लिनीचा छळ सांगू नये. काना गावचे रांजण पुरेत. मोठ्या वर्गाने प्रेषितांची कृत्ये ६ उघडावे. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली आणि पंगतीच्या कामासाठी सात जण निवडले गेले. वर्गात बहुतेक जण म्हणतील की प्रेषितांनी वरचे काम स्वतःकडे ठेवले आणि खालचे सातांना दिले. त्यांना सांगावे की दुसऱ्या वचनातील पंगतीच्या सेवेला आणि चौथ्या वचनातील वचनाच्या सेवेला ग्रीकमध्ये एकाच कुळातले शब्द आहेत, आणि लॅटिनमध्येही. उपदेश हेही वाढणेच. ह्या लॅटिन शब्दाची साधी संतती अजून युरोपात नांदते आहे: फ्रेंच भाषेत कारागिराच्या धंद्याला म्हणतात तो 'मेतिये' त्यातूनच आला, आणि इटलीत घरोघरी वाढतात त्या भाज्यांच्या सुपाला 'मिनेस्त्रा' म्हणतात, तेही वाढण्यावरूनच. मुलांना हे सुपाचे फार आवडते.

मग फळ्यावर दोन रकाने आखावेत. डावीकडे मंडळीत चालणारी कामे मुलांकडूनच वदवून घ्यावीत: उपदेश, पेटी वाजवणे, सतरंज्या घालणे, दानाचा हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची भांडी धुणे. उजवीकडे ते काम कोण करतो त्याचे नाव. नावे माहीत नसलेल्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, आणि पुढच्या रविवारी त्या व्यक्तींपैकी एकाला वर्गात बोलवावे.